मिळून आले नाहीत

मागच्या रविवारी सकाळी मी फाटकाजवळच्या गोडनिंबाला पाणी टाकत होतो. समोरच्या फ्लॅट स्कीममधला मुलगा (मुलगा म्हणायचं आपलं, चाळिशी उलटली त्याची) स्कूटर थांबवून मोठ्या खुशीत सांगू लागला, "काकाजी, परवा कोर्टाचा माणूस आला होता न, समन्स घेऊन. मी घेतलंच नाही. सही पण नाही केली. म्हटलं, आमचं काही नाही, घेऊन जा वापस."

मी पाइप खाली ठेवला. "मग त्यानं काय केलं?"

"काही नाही जी. खाली गेला, गेटवर एक कागद चिकटवला, वॉचमनला काहीतरी विचारलं, मोबाइलवर फोटो काढला अन् गेला."

त्याच्या हिशेबानं संकट गेटवरून परत गेलं होतं. मी म्हटलं, बाबू, तुला समन्स बजावलं गेलं. तू घेतलं नाहीस एवढंच.

त्याचं तोंड पाहून मला माझी नोकरी आठवली. १९८९ ला लागलो, २०२२ ला रिटायर झालो. तेहतीस वर्षं नागपूरच्या दिवाणी कोर्टात बेलिफ. बेलिफ म्हटलं की लोकांना जप्ती दिसते, ट्रकमध्ये चढवलेलं कपाट दिसतं. जप्तीचे, कब्ज्याचे वॉरंट असायचे, नाही असं नाही. पण रोजचं काम म्हणजे कागद पोचवणं. सकाळी नजारतीत (कोर्टाचे कागद वाटून देणाऱ्या विभागात) आपापल्या बीटचा गठ्ठा घ्यायचा, रजिस्टरवर सही करायची, सायकलला (पुढे लुनाला, मग स्कूटरला) पिशवी अडकवायची आणि निघायचं. संध्याकाळी प्रत्येक कागदाच्या पाठीवर शेरा लिहून परत. कोणाला दिलं, किती वाजता दिलं, घर कोणी दाखवलं. नाही दिलं तर का नाही.

"घेतलं नाही म्हणजे लागू नाही" हा समज मी महालातल्या वाड्यापासून बेसा रोडच्या नव्या बंगल्यापर्यंत सगळीकडे पाहिला. शिकलेले लोक तर जास्तच. एका निवृत्त प्राध्यापकांनी मला दारात उभं करून सांगितलं होतं की सही केली म्हणजे दावा कबूल केल्यासारखं होतं. तसं काही नाही. सही म्हणजे फक्त पोच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ मध्ये सरळ लिहिलं आहे की प्रतिवादीनं सही करायला नकार दिला, तर बेलिफनं समन्सची प्रत घराच्या बाहेरच्या दारावर किंवा घराच्या ठळक दिसणाऱ्या भागावर डकवायची, आणि मूळ कागद कोर्टात परत करायचा. त्यावर लिहायचं की कोणत्या परिस्थितीत डकवलं, घर कोणी ओळखून दिलं, कोणासमोर डकवलं, त्यांची नावं-पत्ते. मग बेलिफचं शपथपत्र येतं, कोर्टाला वाटलं तर बेलिफला शपथेवर विचारतात, आणि समाधान झालं की बजावणी झाली असं ठरतं. पोस्टाचंही तेच. पाकिटावर पोस्टमननं "घेण्यास नकार" लिहिलं की पाकीट परत जातं, पण तुम्हाला मिळालं असंच धरतात.

पोट्टा वकिलीत हुशार निघाला. म्हणे, "पण काकाजी, त्यानं माझ्या दरवाज्यावर कुठं लावलं? गेटवर लावलं. गेट तर साऱ्या स्कीमचं आहे."

हे मात्र त्याचं बरोबर होतं, आणि मला मनातून त्या नव्या बेलिफचा राग आला. तीन मजले चढून आलेला माणूस खाली जाऊन गेटवर का डकवतो? बारा कुटुंबांचं गेट. फ्लॅटच्या दारावर लावायचं. दारात हा बसला असेल भांडत, म्हणून गेला असेल खाली. पण त्या मुद्द्यावर फार उड्या मारू नको म्हटलं. १९७६ च्या दुरुस्तीनं कायद्यात एक ओळ घातली आहे. बजावणीत नुसती अनियमितता आहे म्हणून एकतर्फी हुकूमनामा (प्रतिवादी हजर नसताना झालेला निकाल) रद्द होत नाही, जर प्रतिवादीला तारखेची माहिती होती आणि हजर व्हायला पुरेसा वेळ होता. तू तर मला रस्त्यात उभा राहून सांगत आहेस की बेलिफ आला होता.

"मग आता?"

"आता खाली जा, गेटवरचा कागद नीट सोडवून आण. पाऊस आला तर जाईल."

तो गेला आणि मी विचार करत बसलो की हे सगळं लोकांना कोणी सांगतच नाही. म्हणून लिहायला घेतलं. मुलीनं हा ब्लॉग काढून दिला तेव्हा मी म्हणालो होतो, माझ्याजवळ लिहायला काय आहे? दारंच आहेत.

समन्स म्हणजे काय येतं ते आधी सांगतो. वकिलाची नोटीस वेगळी, समन्स वेगळं. नोटीस वकिलाच्या लेटरहेडवर असते, तिला कोर्टाचा शिक्का नसतो. समन्सवर कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, हजर व्हायची तारीख, न्यायाधीशांची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. सोबत वादपत्राची प्रत असलीच पाहिजे. नुसता समन्सचा कागद दिला आणि दाव्याची प्रत नाही, असं असेल तर पोच देताना तसं लिहून द्या, तुमचा हक्क आहे. समन्स हातात पडल्यापासून ३० दिवसांत लेखी जबाब द्यायचा असतो. कोर्ट कारणं नोंदवून ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. व्यापारी दावा असेल तर १२० दिवस ही शेवटची भिंत, त्यापुढे जबाबच घेत नाहीत. म्हणजे जो माणूस कागद परत पाठवून खुश होतो, त्याचं घड्याळ चालू झालेलं असतं आणि त्याला दावा कशाचा आहे हेसुद्धा माहीत नसतं.

हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर कोर्टाचा खोटा शिक्का मारलेले कागदही येऊन राहिले म्हणतात. खात्री करायची तर कागदावर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाकला की केस आहे की नाही, पुढची पेशी (कोर्टाची तारीख) कधी, सारं दिसतं. आमच्या वेळी हे नव्हतं. लोक मलाच विचारायचे, "भाऊ, खरं आहे का हे?"

नागपुरात कागदापेक्षा घर सापडणं कठीण. बाहेरच्या माणसाला हे समजत नाही. "प्लॉट नं. ४७, अमुक लेआऊट, हनुमान मंदिराजवळ." लेआऊटला लागून दुसऱ्या सोसायटीचा लेआऊट, त्यातही प्लॉट नंबर ४७, आणि हनुमान मंदिर दोन्हीकडे. नंबर नकाशाप्रमाणे पडलेले, रस्त्याप्रमाणे नाहीत. ४६ च्या बाजूला ११२. अशा वेळी पानठेलेवाला हाच आमचा नकाशा. त्याला घर माहीत असतं, घरातली भांडणं माहीत असतात, आणि समन्स कोणत्या भांडणाचं आहे तेही तो बहुतेक बरोबर ओळखतो.

महालात वेगळी तऱ्हा. एका वाड्यात एकाच आडनावाची सहा बिऱ्हाडं, त्यात दोघा चुलतभावांचं नाव एकच. वादपत्रात वडिलांचं नाव नीट लिहिलेलं नसलं की झालं. मी एकदा एकाला दिलं, त्यानं मुकाट्यानं सही केली, आणि तो दुसऱ्याच्या कर्जाचा दावा निघाला. तेव्हापासून सही घेण्याआधी मी विचारायचो, "तुमच्या वडिलांचं नाव सांगा जी." लोक चिडायचे. चिडू द्यायचे.

आता दार उघडल्यावरची गोष्ट. समन्स शक्यतो त्या माणसाच्याच हातात द्यायचं असतं, किंवा त्यानं अधिकार दिलेल्या प्रतिनिधीच्या. तो घरी नसला तर? इथं बहुतेक बेलिफ, मी धरून, नियमाचा अर्धा भाग खाऊन टाकतात. लोकांना वाटतं घरातल्या कोणाच्याही हातात दिलं की संपलं. नियम म्हणतो की माणूस घरी नाही *आणि* वाजवी वेळेत तो भेटण्याची शक्यता नाही, आणि कोणी अधिकृत प्रतिनिधीही नाही, तरच त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान व्यक्तीला द्या. बाई म्हणाल्या, "साहेब सात वाजता येतात," तर खरं म्हणजे सात वाजता पुन्हा गेलं पाहिजे. गठ्ठ्यात तीस कागद असले की कोण जातो? पण नियम तोच आहे.

एक गंमत सांगतो. १९०८ च्या मूळ कायद्यात फक्त कुटुंबातला सज्ञान पुरुष घेऊ शकत होता. बाईच्या हातात दिलेलं चालत नव्हतं. १९७६ च्या दुरुस्तीनं "पुरुष असो वा स्त्री" आलं. मी नोकरीला लागलो तेव्हा जुने बेलिफ सांगायचे की घरात म्हातारी, सून, दोन मुली, सगळ्या शहाण्या, आणि कागद मात्र अठरा वर्षांच्या टवाळ पोट्ट्यासाठी वाट पाहत पिशवीत. माझा अनुभव सांगतो, कागद जपून ठेवणं हे काम बायाच करतात. पुरुष घडी करून खिशात घालतो आणि पँट धुवायला जाते.

नोकर मात्र कुटुंबात धरत नाहीत. तसं स्पष्टीकरणच आहे नियमाखाली. धरमपेठेतल्या एका बंगल्यात पोळ्या करणाऱ्या बाई म्हणाल्या, "द्या न भाऊ, मी देते साहेबाले, माझ्यावर भरोसा नाही का?" भरोसा होता हो. पण घेता येत नव्हतं. त्यांना राग आला तो आलाच. दुकानाचं निराळं. माणूस दुसऱ्या गावी राहतो आणि इतवारीत त्याची गादी चालते, दावा त्या गादीच्याच व्यवहाराचा आहे, तर तिथला कारभार प्रत्यक्ष पाहणाऱ्या मॅनेजरला देता येतं. कंपनी असली तर सेक्रेटरी, डायरेक्टर किंवा मुख्य अधिकारी, नाहीतर नोंदणीकृत कार्यालयावर. रिसेप्शनवरच्या मुलीची सही घेऊन आलेला बेलिफ उलटतपासात घाम पुसतो.

माणूस तुरुंगात असला तर समन्स वर्धा रोडच्या सेंट्रल जेलच्या अधीक्षकांकडे, तिथून त्याच्यापर्यंत. कामठीतला जवान असला किंवा वायुसेना नगरातला वायुसैनिक, तर त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवायचं. सरकारी नोकर, रेल्वेचा माणूस, महापालिकेचा माणूस असला तर कोर्टाला सोयीचं वाटल्यास त्याच्या कार्यालयप्रमुखाकडे. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, कारण त्याच्यावर माझी एक गोष्ट अडकली आहे.

२००३ चा मे महिना. नवतपा लागला होता. नागपूरच्या नवतप्यात दुपारी एक वाजता डांबर चपलेला चिकटतं. माझ्या पिशवीत मानेवाड्याकडच्या एका लेआऊटमधलं समन्स होतं, प्लॉटच्या सौद्याचा दावा. प्रतिवादीनं सौदा केला, इसार घेतला आणि विक्रीपत्र करून देत नाही, अशी वादीची तक्रार. घर ओळखून द्यायला वादीचा साळा सोबत आला होता. भला माणूस. रिंग रोडवर रसवंतीपाशी थांबवून त्यानं मला दोन गिलास उसाचा रस पाजला. पैसे त्यानं दिले.

घराला कुलूप होतं. ओट्यावर धूळ. समोरच्या ठेल्यावर विचारलं तर तो म्हणाला, "येत नाही इथं कोणी." मी दोनदा कडी वाजवली. कुलूप लावलेल्या घराची कडी वाजवण्यात काय अर्थ, पण सवय. मग डिंकाची बाटली काढली, दारावर प्रत डकवली, साळ्याची आणि त्यानं बोलावलेल्या एका माणसाची पंच म्हणून सही घेतली, आणि ठेल्याच्या सावलीत बसून शेरा लिहिला: "वारंवार जाऊन शोध घेतला असता प्रतिवादी मिळून आले नाहीत, सबब घराच्या दर्शनी दरवाजावर डकवून बजावणी केली."

वारंवार. मी एकदाच गेलो होतो.

हे वाक्य मी शेकडो कागदांवर लिहिलं असेल. आमच्यात सगळेच लिहायचे. ते वाक्य हात आपोआप लिहायचा, डोक्याला विचारायचा नाही. कोर्टानं बजावणी योग्य धरली. प्रतिवादी पेशीला आला नाही. दावा एकतर्फी चालला, हुकूमनामा झाला, वादीनं त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त लावली, आणि २००६ मध्ये माझाच एक सहकारी कब्ज्याचं वॉरंट घेऊन त्या घरी गेला. तेव्हा घरात भाडेकरू होते. त्यांनी मालकाला फोन केला. मालक पाऊण तासात आला. अजनीहून.

तो रेल्वेत होता. आठ वर्षांपासून अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये बायको-मुलांसह राहत होता. मानेवाड्याचं घर त्यानं बांधून ठेवलं होतं, कधी भाड्यानं जायचं, कधी बंद. मी गेलो त्या महिन्यात बंद होतं. नियमातला शब्द असा आहे की डकवायचं ते जिथं प्रतिवादी *सामान्यतः राहतो* किंवा धंदा-नोकरी करतो त्या घरावर. त्याच्या मालकीचं घर आणि त्याचं राहतं घर, या दोन गोष्टी मी एक केल्या. ठेलेवाल्यानं तर मला खरंच सांगितलं होतं, येत नाही इथं कोणी. त्याचा पुढचा प्रश्न मी विचारला नाही. "मग राहतो कुठं?"

त्यानं एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा अर्ज केला. आदेश ९, नियम १३. समन्स योग्य रीतीनं बजावलंच नाही तर अर्जाची ३० दिवसांची मुदत हुकूमनामा माहीत झाल्यापासून मोजतात, त्यामुळे तीन वर्षांनी येऊनही तो मुदतीत होता. आणि साक्षीला मला बोलावलं.

बेलिफ रोज कोर्टात असतो, पण पिंजऱ्यात उभं राहिल्यावर तीच खोली वेगळी दिसते. प्रतिवादीचे वकील म्हातारे होते, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी माझाच शेरा मला वाचायला दिला.

"वारंवार म्हणजे किती वेळा?"

मी गप्प.

"तारखा सांगा."

एकच तारीख होती.

"किती वाजता गेला होतात?" "एक वाजून दहा मिनिटं." "रेल्वेचा माणूस दुपारी एक वाजता घरी सापडेल असं वाटलं?" "घर कोणी दाखवलं?" "वादीचे साळे." "शेऱ्यात त्यांचा पत्ता का नाही?" "राहून गेला." "पंच तिथले रहिवासी होते?" "माहीत नाही." मग जरा थांबून, कागदांकडे पाहत, अगदी सहज: "रिंग रोडच्या रसवंतीवर पैसे कोणी दिले?"

त्यांना कसं कळलं देव जाणे. ठेलेवाल्याकडूनच कळलं असेल, साळ्यानं मोठेपणानं सांगितलं असेल. मी खरं उत्तर दिलं. कोर्टात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

हुकूमनामा रद्द झाला. दावा पुन्हा पहिल्यापासून. बाहेर व्हरांड्यात वादी भेटला. मला वाटलं शिव्या देईल. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, माझं खरं होतं. तुमच्या एका चकरेपायी चार वर्षं गेले." खरं-खोटं ठरवणारा मी कोण. पण चार वर्षं गेली हे मला मोजता येत होतं. आणि वाईट हे, की वादपत्रात नुसतं "नोकरी: रेल्वे" एवढं लिहून वादीच्या वकिलानं कार्यालयप्रमुखामार्फत बजावणी मागितली असती, तर आठवडाभरात सही केलेली पोच आली असती. त्याचं ऑफिस स्टेशनच्या बाजूला, आमच्या कोर्टापासून सायकलवर दहा मिनिटं.

त्यानंतर मी शेरा लिहायची पद्धत बदलली. "वारंवार" हा शब्द सोडला. तारीख, वेळ, कोण भेटलं, काय म्हणालं, त्याच्याच शब्दांत. "ठेलेवाला म्हणतो, दिवाळीत आले होते." "शेजारीण म्हणते, मुलाकडे पुण्याला गेले, महिनाभरात येतील." नजारतीचे प्रमुख नाझरसाहेब म्हणायचे, कादंबरी लिहून राहिलास का? पण असा शेरा वाचून कोर्टाला समजतं की माणूस लपतो आहे, गावाला गेला आहे की तिथं राहतच नाही. तिन्हीचं पुढचं पाऊल वेगळं. आणि दाव्यातल्या कोणत्याही पार्टीकडचं खाणं-पिणं बंद. पाणी घ्यायचो. नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी नाकारणारा बेलिफ अजून जन्मायचा आहे. चहा नाही, रस तर नाहीच.

वादी लोकांनाही दोन शब्द. तुम्हाला वाटतं दावा टाकला की काम कोर्टाचं. प्रोसेस फी, ज्याला वकिलांचे मुन्शी "पीएफ" म्हणतात, ती तुम्ही भरली नाही आणि त्यापायी समन्स निघालंच नाही, तर दावा त्यावरच काढून टाकता येतो. समन्स न बजावता परत आलं तर सात दिवसांत नवं मागावं लागतं. जुना पत्ता, अर्धा पत्ता देऊन तुम्ही दुसऱ्याला नाही, स्वतःला फसवता. कोर्ट परवानगी देतं तेव्हा हमदस्त घेऊन तुम्ही स्वतःही समन्स नेऊन देऊ शकता. पण हमदस्त नेणाऱ्यांचा उत्साह मी पाहिला आहे. प्रतिवादीच्या दारात जाऊन पोच घेण्याऐवजी लोक जुनं भांडण काढतात, आणि कागद राहतो बाजूला.

पेपरमधल्या जाहीर समन्सचं काय, असं पुष्कळ जण विचारतात. आदेश ५, नियम २०. माणूस बजावणी टाळायला मुद्दाम लपतो आहे किंवा दुसऱ्या कोणत्या कारणानं नेहमीच्या रीतीनं बजावणी होत नाही, असं कोर्टाला पटलं पाहिजे, मगच. कोर्टात आणि त्याच्या शेवटच्या माहीत असलेल्या घरावर डकवायचं, किंवा तो राहत होता त्या भागात खपणाऱ्या दैनिकात छापायचं. आणि एकदा हे झालं की प्रत्यक्ष हातात दिल्याइतकंच ते पक्कं. मला हा प्रकार कधीच आवडला नाही. तो शेवटचा उपाय आहे, पण काही वकिलांना दुसऱ्याच पेशीला आठवतो. दहाव्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात, टेंडर आणि नाव-बदलाच्या मधे. तुम्ही कधी वाचलं आहे का ते पान? मी वाचतो. नोकरीची खोड.

आता फोनवर आलं आहे सगळं. ई-मेल कायद्यात २००२ च्या दुरुस्तीपासूनच आहे. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यासमोरच्या एका चित्रपटाच्या कॉपीराइटच्या दाव्यात व्हॉट्सअ‍ॅपवर पोचलेली सूचना धरली गेली. पुढच्या वर्षी त्यांनीच दुसऱ्या प्रकरणात नोटीस नुसती पोचली नाही, तर उघडून पाहिलीही गेली, हे व्हॉट्सअ‍ॅपच्या खुणांवरून मान्य केलं. कोरोनात, जुलै २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं ई-मेल आणि असल्या मेसेजच्या साधनांनी बजावणीला मुभा दिली. म्हणून आता जो तो म्हणतो, निळी खूण आली, झालं. इतकं सोपं नाही, नंबर त्याचाच आहे हे दाखवावं लागतं. पण दिशा तीच आहे.

माझ्या शेवटच्या वर्षांत आम्हा बेलिफांच्या हातात अ‍ॅपचा फोन आला. दारासमोर उभं राहून फोटो काढायचा, फोनवरच सही घ्यायची, आणि तुम्ही कुठं उभे आहात ते जीपीएसनं आपोआप नोंदवलं जातं. तरुण बेलिफ कुरकुरले, आमच्यावर पाळत ठेवून राहिले म्हणून. मी कुरकुरलो नाही. २००३ च्या मे महिन्यात तो फोन माझ्या खिशात असता तर एक चक्कर एकच दिसली असती, आणि मला दुसरी मारावी लागली असती. अजनीची.

सोमवारी संध्याकाळी समोरचा पोट्टा परत आला. गेटवरचा कागद त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घातला होता, कोपऱ्यांना डिंक तसाच. वकिलाकडे जाऊन वकालतनामा देऊन आला होता. दावा काय निघाला? काटोलकडच्या संत्र्याच्या बागेच्या वाटणीचा, त्याच्या आत्यानं लावलेला. वादपत्रात त्याच्या वारलेल्या बाबांचा हिस्साही मांडलेला आहे, म्हणजे आता त्याचाच.

"आत्यानं माझ्याविरुद्ध नाही न लावला जी, काकाजी. सगळ्यांनाच पार्टी केलं. मला तर त्यातून भेटूनच राहिलं काहीतरी."

"अन् तू समन्स वापस पाठवत होतास."

तो जरा वेळ फाटकाला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "तीन मजले चढून आला होता बिचारा. त्याले चहा तरी विचारायले पाहिजे होता न?"

"पाणी विचारायचं," मी म्हटलं. "चहा त्यानं घेतला नसता."